मुक्तद्वाराचा परवलीचा शब्द

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर, दर पावसाळ्यात पन्हळीतून गळणाऱ्या पाण्याने अर्धी पुसली जाणारी आणि कार्यकारी मंडळ बदलले की नव्या उत्साहाने पुन्हा रंगविली जाणारी, ‘मुक्तद्वार वाचन विभाग’ अशी एक पाटी आहे. आणि या पाटीवरील पहिला शब्द आमच्या पूर्वसूरींनी इतका अक्षरशः घेतला होता की, पुष्कळ वर्षे त्या दालनाला दारच नव्हते. रात्री उंबऱ्यावर एक बाक आडवे टाकीत, पण ते माणसांसाठी नसून गुरांसाठी असे. बाजाराला आलेला शेतकरी, एसटी चुकलेला उतारू, ज्याच्या दाव्याची तारीख पुढे गेली आहे असा पक्षकार, आणि घरी भिशीच्या बायका जमल्यामुळे चार तास निराश्रित झालेला कुटुंबप्रमुख, या सर्वांनी तेथे खुशाल येऊन बसावे, हाताला लागेल ते वर्तमानपत्र उचलावे, आणि आपण कोण, कोठले, कोणाच्या ओळखीने आलो याचा जबाब कोणापाशीही देऊ नये, असा त्या दालनाचा शिरस्ता होता. मी स्वतः तेथे प्रथम गेलो तो वाचनाच्या ओढीने नव्हे, तर पावसाच्या सरीने. परंतु पाऊस थांबल्यावरही बाहेर पडलो नाही, आणि आज पन्नास वर्षांनी त्याच वाचनालयाच्या नियतकालिक उपसमितीचा निमंत्रक म्हणून बसलो आहे, यात विद्वत्तेपेक्षा पावसाचाच वाटा मोठा आहे.

वाचनालय ही संस्था महाराष्ट्रात काही कालपरवा उगवलेली नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. म्हणजे १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, तेव्हा गाडीची वाट पाहत वाचीत बसण्याची सोय या प्रांतात आधीच झालेली होती. पुढे १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि अनुदान वाटण्याच्या सोयीसाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग पडले. जे चातुर्वर्ण्य समाजातून घालविण्यासाठी सुधारकांनी आयुष्ये वेचली, ते वाचनालयांत सरकारी नियमाने प्रस्थापित व्हावे, हा दैवाचा एक विनोदच म्हणावयाचा. मात्र येथे वर्ण जन्माने न ठरता गुणकर्माने, म्हणजे ग्रंथांची आणि नियतकालिकांची संख्या वगैरे पाहून ठरतो, एवढा फरक आहे. आमचे वाचनालय गेली तीस वर्षे ‘ब’ आहे, आणि ‘अ’ होण्याची महत्त्वाकांक्षा प्रत्येक नव्या अध्यक्षाच्या पहिल्या भाषणात असते. शेवटच्या भाषणात सहसा छपराचा उल्लेख असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या एका सभेत, चहा येण्यापूर्वी, आमच्या तरुण कार्यवाहांनी असा ठराव मांडला की, काळाची पावले ओळखून वाचनालयाने यापुढे ई-नियतकालिके आणि तत्सम डिजिटल साधने वाचकांस उपलब्ध करून द्यावीत. ‘ई’ म्हटले की आमच्या पिढीला ईडलिंबाखेरीज दुसरे काही आठवत नाही. सबब, आमचे उपाध्यक्ष, जे निवृत्त मामलेदार असून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्यातील हरकत शोधणे हा ज्यांचा स्वभावच बनला आहे, त्यांनी असा खुलासा मागितला की, जे नियतकालिक हातात धरता येत नाही, टपालाने येत नाही आणि ज्याला वाळवी लागत नाही, ते आले आहे हे ओळखावयाचे कशावरून. कार्यवाह म्हणाले, ते येत नाही. आपणच त्याच्याकडे जावयाचे. “म्हणजे ते आपल्या घरी नाही, आपण त्याच्या दारी,” मामलेदार म्हणाले, आणि पुढे घडलेल्या सर्व प्रकाराचा गोषवारा या एका वाक्यात होता हे त्या वेळी आम्हां कोणाच्याच ध्यानात आले नाही; कारण इतक्यात चहा आला, आणि आमच्याकडे चहा आल्यावर कोणताही ठराव नामंजूर झाल्याचे उदाहरण दप्तरी नाही.

मुंबईस स्थायिक झालेल्या एका ग्रामस्थाने तीन संगणक देणगीदाखल पाठविले, खंडेनवमीस त्यांची यथासांग पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून खरी अडचण उभी राहिली ती शिक्क्याची. वाचनालयात आलेल्या प्रत्येक ग्रंथाला दाखल क्रमांक द्यावयाचा, आणि त्याच्या पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि संस्थेने गुप्तपणे ठरविलेल्या एका मधल्या पानावर शिक्का मारावयाचा, हा आमचा कुळाचार आहे. हे गुप्त पान कोणते, ते प्रसिद्ध करण्याची मला मुभा नाही. गावातील सर्वांना ते ठाऊक आहे. आमच्या शिपाईमामांनी पस्तीस वर्षांच्या चाकरीत एकही पुस्तक शिक्क्यावाचून आत जाऊ दिलेले नाही, एवढेच नव्हे तर एकदा भाषणाला आलेल्या एका साहित्यिकाने टेबलावर विसरलेल्या स्वतःच्या हस्तलिखितावरही त्यांनी तीन शिक्के मारले होते. हातात शिक्का आणि काखेत शाईची गादी घेऊन ते त्या तीन यंत्रांपुढे उभे राहिले आणि त्यांनी ग्रंथपालबाईंना विचारले, “बाई, नियतकालिकं आली म्हणता, तर ती दाखवा, म्हणजे मी शिक्के मारून मोकळा होतो.” बाईंपाशी याचे उत्तर नव्हते. अखेर मामांनी पहिला शिक्का पडद्याच्या वरच्या कडेवर, शेवटचा खालच्या कडेवर, आणि गुप्त शिक्का यंत्राच्या पाठीमागे, जेथे तारा शिरतात आणि कोणी पाहत नाही, तेथे मारला. शास्त्र म्हणून मला त्यात अद्यापही दोष काढता येत नाही.

ही ई-नियतकालिके सुटी मिळत नाहीत, गठ्ठ्याने मिळतात. आम्हांला हवी होती ती शेती, वैद्यक आणि इतिहास या विषयांवरची दहाबारा. परंतु ज्याप्रमाणे पूर्वी टंचाईच्या दिवसांत वाणी साखरेबरोबर न खपणारा साबण गळ्यात बांधीत असे, त्याप्रमाणे या दहाबारांबरोबर हिमनद्यांचा सरकवेग, पाणबुड्यांचा गंज आणि विमा-गणित यांवरची शेकडो नियतकालिके आमच्या पदरी आली, आणि वार्षिक तपासणीस आलेल्या निरीक्षकांपुढे आम्ही मोठ्या दिमाखाने चार हजार शीर्षकांची फेरिस्त ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, मग वाचन-दालनात जाऊन टेबलावरची नियतकालिके एक-एक उचलून मोजली, ती बासष्ट भरली, आणि शेरेपुस्तकात त्यांनी लिहिले : “यादीत चार हजार, प्रत्यक्षात बासष्ट. तफावतीचा खुलासा करावा.” खुलासा करण्यासाठी त्यांना संगणकापुढे नेले, तर नेमकी वीज गेली, आणि तफावत अंधारात कायम राहिली. त्याहून बिकट हरकत हिशेबतपासनिसांनी काढली. जुनी वर्तमानपत्रे आणि मासिके विकून येणारी रक्कम ‘रद्दी विक्री’ या सदराखाली दरसाल आमच्या जमेस असते, आणि तपासनिसांचे म्हणणे असे पडले की, ज्या अर्थी नियतकालिकांवरील खर्च वाढला आहे त्या अर्थी रद्दीचे उत्पन्नही वाढावयास हवे होते. ते का वाढले नाही. या नियतकालिकांची रद्दी होत नाही, असे आम्ही लेखी कळविले. त्यावर त्यांनी, मग मुदत संपल्यावर ती जातात कोठे, असा प्रश्न केला, आणि तो प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता.

परंतु आधी वाचकांविषयी. ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने सांगितले, त्यांतला चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवावा, असा आहे; आणि आचार्यांविषयी पूर्ण आदर बाळगून मला असे नमूद करावेसे वाटते की, त्यांनी आमच्या वाचनालयातील वाचक पाहिलेले नव्हते. आमच्याकडे वाचक येतो तो वेळ वाचविण्यासाठी नव्हे, घालविण्यासाठी. एक वर्तमानपत्र सहाजण वाचतात : पहिल्याकडे पहिले पान, दुसऱ्याकडे मधले, तिसऱ्याकडे खेळांचे, चौथा पहिल्याच्या पानाची मागची बाजू त्याच्यासमोर बसून वाचतो, आणि त्याचे वाचून होईपर्यंत पहिल्याने पान उलटू नये असा संकेत असतो, पाचवा शब्दकोडे सोडवितो आणि सहावा ते चुकले म्हणून त्याच्याशी भांडतो. संगणकावरचे वर्तमानपत्र असे सहाजणांत फाडून वाटता येत नाही, त्याने वारा घेता येत नाही, आणि तोंडावर घेऊन झोपता तर मुळीच येत नाही. पाककृतीची कात्रणे ब्लेडने कापून नेण्याची एक जुनी, प्रतिष्ठित घराण्यांतून चालत आलेली वहिवाट मात्र त्यामुळे बंद पडली, हा या यंत्रांचा पहिला निर्विवाद फायदा होय. बाकी एक गोष्ट मी अशी पाहिली की, दुपारी दोनच्या सुमारास वाचक पडद्यापुढे पेंगू लागला की थोड्या वेळाने संगणकही आपसूक झोपतो. कोणत्याही मासिकाने वाचकाला इतकी सोबत दिल्याचे मला स्मरत नाही.

आता परवलीच्या शब्दाकडे येतो. पूर्वी किल्ल्याच्या दरवाजावर रात्रीचा पहारेकरी ‘कोण आहे?’ म्हणून हटकीत असे आणि येणाऱ्याने परवलीचा शब्द सांगावा लागे. तो शब्द गनिमासाठी असे. आमच्याकडे तो, गुडघेदुखीवर काही नवे संशोधन झाले आहे काय हे पाहण्यासाठी भर दुपारी काठी टेकीत आलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना विचारला जाऊ लागला. हा शब्द ठरविण्यासाठी उपसमितीच्या दोन बैठका झाल्या. अध्यक्षांनी ग्रामदेवतेचे नाव सुचविले, ते सर्वांना पसंत पडले. परंतु यंत्राने त्यात एक अंक आणि एक चिन्ह असलेच पाहिजे असा हट्ट धरल्यावर, देवीच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह लावण्यास मुख्याध्यापकांनी सक्त विरोध केला आणि आपले मत विरुद्ध नोंदवून घेतले. शिवाय नुसत्या शब्दानेही भागत नसे. तो दिल्यावर ओटीपी नावाचा एक सहा आकड्यांचा क्षणभंगुर अंक कार्यवाहांच्या मोबाइलवर उतरत असे, आणि कार्यवाह बहुधा गावात नसत. एकदा बाईंनी तो अंक विचारण्यासाठी फोन केला तेव्हा ते एका लग्नात अगदी अंतरपाटाजवळ उभे होते. मंगलाष्टकांच्या गजरात त्यांनी सहाही आकडे ओरडून सांगितले, परंतु इकडे बाईंना ‘सावधान’ एवढाच शब्द स्पष्ट ऐकू आला, आणि अक्षता पडेपर्यंत त्या अंकाची मुदत संपली होती.

या सर्व त्रासाला कंटाळून, आणि संस्थेच्या मूळ तत्त्वाशी इमान राखून, शिपाईमामांनी एके दिवशी सकाळी एक गोष्ट केली. वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर रोज ‘आजचा सुविचार’ लिहितात. मामांनी त्या दिवशीच्या सुविचाराखाली, सुवाच्य अक्षरांत, रंगीत खडूने, संस्थेचा परवलीचा शब्द अंक आणि चिन्हासह लिहून काढला, आणि त्याखाली ‘सर्वांसाठी’ असे लिहून दोनदा अधोरेखित केले. ओटीपीचा उपाय त्यांनी आधीच केला होता : कार्यवाहांचा तो जुना मोबाइल त्यांच्याकडून मागून आणून पाण्याच्या माठाशेजारी दोरीने बांधून ठेवला होता. पुढचे नऊ दिवस आमच्या वाचनालयाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्यासारखे आहेत. फार्मसीला जाणारी मुले, दोन डॉक्टर, एक वकील, इतकेच काय पण एसटी स्टँडवरचा एक कंडक्टर, ज्याला हिमनद्यांविषयी कुतूहल निघाले, अशी चाळीस माणसे ही नियतकालिके उघडून बसली. दहाव्या दिवशी पुरवठादार कंपनीचे पत्र आले, की आमचा करार एका वेळी तीनच वाचकांचा असताना चौथा, पाचवा आणि विसावा इसम आत शिरल्याचे आढळून आले आहे, सबब प्रवेश स्थगित करण्यात येत असून झाल्या प्रकाराचा खुलासा व्हावा. बाईंनी मामांना बोलावून विचारले. मामा म्हणाले, “पाटीवर मुक्तद्वार लिहिलंय ना, बाई? एकतर ती पाटी पुसा, नाहीतर हा फळा राहू दे.” मामलेदारांनी हेच वाक्य किंचित शुद्ध करून कंपनीस खुलासा म्हणून पाठविले. कंपनीने त्यावर फक्त नवे देयक पाठविले.

आणि येथेच हिशेबतपासनिसांचा तो प्रश्न पुन्हा उभा राहिला. वर्षअखेरीस, छप्पर आधी की गठ्ठा आधी असा वाद होऊन, छप्पर आधी ठरले, वर्गणी भरली गेली नाही, आणि एक एप्रिल रोजी सकाळी ती चार हजार नियतकालिके नाहीशी झाली. चालू अंकच नव्हेत, तर ज्या मागील वर्षाचे दाम आम्ही रोख मोजले होते त्याचेही अंक. कागदी मासिकाची वर्गणी बंद केली तर पुढचा अंक येत नाही, पण मागचे बारा कपाटातून उठून चालते होत नाहीत. या तारखेने मला आमच्या आजोबांची आठवण झाली. आमच्या घराण्याकडे थोडी खोती होती, ती गेली. आणि जी जमीन उरली होती तिच्यातली बरीचशी कूळकायद्याने, १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी, ती कसणाऱ्या कुळांच्या मालकीची झाली. आजोबांनी कायद्याला बोल लावला, परंतु न्याय त्यात होता हे त्यांचा नातू कबूल करतो. आणि आज तोच नातू, खंड भरून नियतकालिके वाचणारे एक साधे कूळ बनला आहे, ज्याचे नाव सातबाराच्या इतर हक्कांतही लागत नाही. कसेल त्याची जमीन झाली. वाचेल त्याचे नियतकालिक होण्याचा कायदा अद्याप कोणाच्या मसुद्यातही नाही.

हा जुलूम केवळ आमच्या गरीब कोकणावर होतो असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतील ग्रंथालयांना ई-पुस्तके देताना अशी अट घातली की, एक पुस्तक सव्वीस वेळा वाचकांना दिल्यावर ते संपले असे समजावे आणि ग्रंथालयाने ते पुन्हा विकत घ्यावे. कारण कागदी पुस्तकही साधारण तितक्या वापराने झिजते. ज्या गृहस्थाने हा आकडा काढला त्याने आमच्या वाचनालयातील शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ची प्रत पाहावी. तिची बांधणी चारदा झाली आहे, तिच्या पहिल्या सोळा पानांची जागा मुख्याध्यापकांच्या हस्ताक्षरातील सोळा पानांनी घेतली आहे, आणि तिच्यावर सव्वीस वाचक तर नुसत्या श्रावणात होतात. २००९ च्या जुलै महिन्यात तर अ‍ॅमेझॉनने, विकण्याचा हक्क नसलेल्याने ते विकले होते या सबबीवर, जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ हे पुस्तक गिऱ्हाइकांनी पैसे देऊन घेतल्यानंतर त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतले. पैसे परत केले, हे खरे. आणि नेमके तेच पुस्तक निवडण्यात नियतीने जी विनोदबुद्धी दाखविली तीही मान्य केली पाहिजे. परंतु विकलेले पुस्तक रात्री घरात शिरून परत नेणारा दुकानदार आमच्या पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात अद्याप निपजलेला नाही.

या धंद्याचे अर्थशास्त्र मामलेदारांना समजावून सांगण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. संशोधक लेख लिहितो, त्याचे त्याला काही मिळत नाही; दुसरा संशोधक तो तपासतो, त्यालाही काही मिळत नाही; आणि मग तोच लेख त्या दोघांच्या विद्यापीठाला भरभक्कम किमतीला विकला जातो. लेखकाला काही मिळत नाही या भागाचे मामलेदारांना आश्चर्य वाटले नाही, कारण त्यांनी मराठी मासिकांत लेखन केलेले आहे. आश्चर्य वाटले ते मासिक चालविणाऱ्याला काही मिळते याचे. सरकारने यावर उपाय काढला आहे, नाही असे नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ अशा अर्थाच्या नावाची योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी, सहा हजार कोटी रुपयांत. परंतु तिचा लाभ प्रथम सरकारी विद्यापीठे, महाविद्यालये आणि केंद्रीय संशोधनसंस्था यांना आहे. आमच्यासारखी वाचनालये त्या पहिल्या पंगतीत नाहीत. मामलेदारांनी कागद वाचून खाली ठेवला आणि, एक राष्ट्र म्हणजे नेमके कोणते सर्व्हे नंबर, असे विचारले.

तरी पण जे फुकट आहे त्याविषयी कृतज्ञ राहिले पाहिजे, आणि ते थोडे नाही. वाईच्या मंडळाचा मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि ‘अ’पासून वर्गणी भरू लागलेल्यांपैकी कित्येकांना ज्याचा ‘ज्ञ’ पाहावयास मिळाला नाही, तो आज घरबसल्या दिसतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके दिसतात. शोधगंगेत देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध वाहत आले आहेत, आणि तिच्यात बुडी मारावयास पंडा लागत नाही. सर्वांत मौज मला वाटली ती ही की, ज्या १६६५ साली पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी लंडनमध्ये सुरू झालेल्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा अगदी पहिला अंक आमच्या गावातून एक पैसा न देता वाचता येतो, कितीतरी दुसऱ्या नियतकालिकांचा गेल्या महिन्याचा अंक मात्र दाम मोजल्यावाचून दिसत नाही. ज्ञान जितके शिळे तितके स्वस्त, हे आमच्याकडच्या मासळीबाजारालाही मान्य आहे. जुनी मराठी नियतकालिके यंत्रात चढविली जात आहेत हेही चांगलेच. फक्त यंत्राला अक्षरओळख जेमतेम असल्याने ते पुष्कळदा ‘ख’ला ‘रव’ असे वाचते, आणि त्यामुळे त्यांत ‘सुख’ शोधू गेले असता सापडत नाही.

गेल्या पौषात, बाजाराच्या दिवशी, एक बागायतदार वाचनालयात आला, चपला दाराबाहेर काढून उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, “बाई, हापूसच्या मोहरावर फुलकिडे पडलेत. औषधं मारून मारून कर्ज झालं. यावर काय छापून आलंय का कुठं?” बाईंनी शोध घेतला. लेख होता, इतकेच नव्हे तर तो आमच्याच कोकणातील एका कृषिसंशोधकाने, आमच्याच हापूसवर, आमच्यापासून एसटीने तीन तासांच्या अंतरावर बसून लिहिलेला होता. तो परदेशी जाऊन, तेथे छापला जाऊन, पडद्यावर परत आला होता, आणि त्याचा गोषवारा फुकट असून तपशिलास पस्तीस डॉलर पडत होते. बागायतदाराने विचारले, “डझनाला?” नाही, एका लेखाला, असे बाईंनी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माणूस कोकणातलाच ना? मग त्यालाच विचारा की.”

हा विचार उपसमितीच्या अकरा बैठकांत कोणाला सुचला नव्हता. बाईंनी त्या संशोधकांना दोन ओळींचे पत्र ई-मेलने पाठविले, आणि तिसऱ्या दिवशी लेख आला. सोबत, वाचणारा कोणी निघाला याचा आनंद झाला, शंका असल्यास फोन करावा, असा मजकूर आणि नंबर. मुख्याध्यापकांनी गुडघा चोळीत त्यातले मुद्दे मराठीत उतरवून दिले. प्रिंटरवर दोन प्रती काढल्या; आठ पानांचे सोळा रुपये बागायतदाराने मोजले आणि रीतसर पावती घेतली. दुसरी प्रत वाचनालयात ठेवली असून तिला दाखल क्रमांक दिला आहे. मामांनी पहिल्या आणि शेवटच्या पानावर शिक्के मारले. गुप्त पानावरचा तेवढा राहिला, कारण लेख तितका लांब नाही.

ज्या कोणास तो लेख पाहावयाचा असेल त्याने दारातून सरळ आत यावे, डाव्या हाताच्या तिसऱ्या कपाटात, ‘शेती’ असे लिहिलेल्या फायलीत तो आहे. सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते आठ. सोमवारी वाचनालय बंद असते.